हरलेल्या संघाचा जाब कोणाला विचारायचा?

मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकारातला पुरुषांचा अंतिम सामना एका गुणाने सुटला. हरला तो नेदरलँड्सचा माइक श्लोसर, त्या वेळचा जगातला अव्वल खेळाडू. जिंकला तो बुलढाण्याचा एकोणीस वर्षांचा प्रथमेश जवकार. गुण होते १४९-१४८. पंधरा बाणांचे दीडशे गुण असतात, म्हणजे समोर असा खेळाडू उभा असताना या पोराने फक्त एक गुण गमावला. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी सांघिक सुवर्ण आणलं. त्याआधी, २०२१ मध्ये पोलंडमधल्या जागतिक युवा स्पर्धेत कॅडेट गटाचं सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात बुलढाण्याचाच मिहिर अपार होता. २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगडूला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी सुवर्णपदक मिळवलं. बुलढाण्याच्या तिरंदाजीची बातमी आली की तिच्यात एक नाव हमखास असतं, चंद्रकांत इलग. ते पोलीस दलात नोकरी करतात आणि तिरंदाजी शिकवतात.

प्रशिक्षकाच्या जबाबदारीवरचं प्रकरण मी मुद्दाम इथून सुरू करतो आहे, कारण बुलढाणा जिल्ह्यात खेळाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आपल्याकडे सोयीच नाहीत.’ सोयी कमी आहेत हे खरंच आहे. पण एक माणूस वर्षानुवर्षं त्याच जागी उभा राहिला, रोज उभा राहिला, तर तेवढ्या सोयींतून काय निघू शकतं, हे या जिल्ह्याने सगळ्या देशाला दाखवून दिलं आहे. मग त्याच जिल्ह्यातल्या कॉलेजांचे फुटबॉल संघ दर वर्षी पहिल्या-दुसऱ्या फेरीत गारद होतात, तेव्हा त्याचा जाब कोणी द्यायचा?

प्रश्न विचारायला सोपा आहे. उत्तर द्यायचं तर आधी तो संघ कसा उभा राहतो ते बघायला हवं.

बुलढाणा जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पदराखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा असे पाच जिल्हे येतात. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिच्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड, आणि तो संघ मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की पोरगा ‘कलर होल्डर’ होतो. गावात त्याच्या नावाचा फलक लागतो, नोकरीच्या अर्जाला एक कागद जोडता येतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे त्या कागदाची किंमत शेतकऱ्याच्या घरात फार मोठी असते.

आता जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने डोळ्यांसमोर आणा. जुलैत प्रवेश होतात. ऑगस्टमध्ये स्पर्धांचं वेळापत्रक हाती पडतं. नोटीस बोर्डावर कागद लागतो: फुटबॉल खेळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी क्रीडा विभागात नावे द्यावीत. वीस-बावीस नावं येतात. त्यांतल्या निम्म्यांनी शाळेत फुटबॉल खेळलेला असतो, उरलेले कबड्डीतून, अ‍ॅथलेटिक्समधून, किंवा मित्र आला म्हणून आलेले. मैदान काळ्या मातीचं. खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात त्या मातीत पाय टाकला की बुटाला किलोभर चिखल चिकटतो, चेंडू एक टप्पा पडून जागीच बसतो. पाऊस उघडला की तीच माती कडक होते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांत पाय अडकून मुरगळलेला घोटा विदर्भातल्या खेळाडूला नवा नाही. सरावाची वेळ संध्याकाळी पाचची ठरते. पण संघातले निम्मे खेळाडू खेड्यातून एस.टी.च्या पासवर येणारे. गावाची शेवटची गाडी साडेपाचला असेल, तर पाच वाजता मैदानात उतरणार कोण? दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी निघते. मजूर मिळत नाही म्हणून बाप पोराला घरी बोलावतो. पोरगा जातो, आणि जायलाच हवं. पाठोपाठ कापसाची वेचणी. स्पर्धा नेमकी याच दिवसांत येते.

आदल्या आठवड्यात संघ पुन्हा गोळा केला जातो. गोलकीपर म्हणून व्हॉलीबॉलच्या संघातला उंच मुलगा घेतला जातो. किट एकदाच वापरलेलं किंवा उसनं आणलेलं असतं. बस करून संघ जातो, सामने बहुतेकदा बाद पद्धतीचे, पहिल्याच सामन्यात अकोला किंवा अमरावतीचा बारा महिने खेळणारा संघ समोर येतो, आणि नव्वद मिनिटांत वर्षाचा फुटबॉल संपतो. परतीच्या गाडीत सर म्हणतात, ‘पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी त्यांतली पाच पोरं पदवी घेऊन निघून गेलेली असतात.

हे ‘सर’ कोण? कॉलेजात त्यांचं पद शारीरिक शिक्षण संचालक. एका कॉलेजात एकच. त्यांच्या हाती फुटबॉल असतो, कबड्डी असते, खो-खो, कुस्ती, बुद्धिबळ, क्रॉसकंट्री, भारोत्तोलन, मुलींचे संघ वेगळे. शिवाय योग दिन, प्रजासत्ताक दिनाचं संचलन, परीक्षेचं पर्यवेक्षण, आणि कुठल्या ना कुठल्या समितीचं काम. हे पद रिकामं राहिलं की ते तासिका तत्त्वावर भरलं जातं किंवा दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाच्या गळ्यात घातलं जातं. इलग यांच्यासारखा माणूस एकाच खेळावर आयुष्य लावतो. कॉलेजच्या सरांना वीस खेळांवर एक वर्ष लावायचं असतं. या दोघांची तुलना करून सरांना दोषी ठरवणं मला पटत नाही. तितकंच, या अडचणी मोजून दाखवल्या म्हणून सर मोकळे होतात, हेही पटत नाही.

कागदावर त्यांना जाब विचारणारे पुष्कळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शारीरिक शिक्षण संचालकाच्या बढतीसाठी जे निकष आहेत, त्यांत त्यांची हजेरी बघितली जाते, कॉलेजअंतर्गत स्पर्धा घेतल्या का ते बघितलं जातं, बाहेरच्या स्पर्धांत कॉलेज उतरलं का ते बघितलं जातं, आणि किमान एक विद्यार्थी विद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय संघात गेला का तेही बघितलं जातं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येते तेव्हा ती क्रीडा क्षेत्रातल्या पदकांची आणि स्पर्धांतल्या सहभागाची संख्या मागते. हे निकष वाईट हेतूने केलेले नाहीत. पण त्यांचा परिणाम काय होतो बघा. एक विद्यार्थी पुढे गेला की निकष पूर्ण होतो. हा एक विद्यार्थी बहुधा आखाड्यात किंवा तिरंदाजीच्या मैदानावर, कॉलेजात येण्याआधीच घडलेला असतो. फुटबॉलच्या संघात अकरा जणांना तीन वर्षं सोबत घडवावं लागतं, आणि ते घडले तरी कागदावर भरायचा रकाना तेवढाच असतो. सहभागाचा आकडा तर एक सामना हरूनही भरतो. सराव किती दिवस झाला, पहिल्या वर्षी आलेल्या मुलांपैकी तिसऱ्या वर्षी किती उरले, कोणाला दुखापत झाली आणि त्याचं पुढे काय झालं, हे यांतला कोणताच कागद विचारत नाही. जे विचारलं जात नाही ते लिहून ठेवलं जात नाही, आणि काही वर्षांनी ते करायचंही राहून जातं.

याच्या अगदी उलट टोक बघायचं तर अमेरिकेत जावं लागेल. तिथलं ‘कॉलेज फुटबॉल’ म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण आणि खांद्यांवर चिलखत घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ. पण कॉलेजच्या प्रशिक्षकाला जाब विचारण्याची पद्धत जगात सगळ्यांत कठोर झाली ती तिथे. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यांत जास्त पगार राज्यपालाला नसतो, तो विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला असतो. दोन मोसम वाईट गेले की माजी विद्यार्थी आणि देणगीदार त्याच्या हकालपट्टीची मागणी करतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा करार मोडण्यापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणं विद्यापीठाला भाग पडलं. एवढे पैसे मोजूनही माणूस बदलायचा, कारण लोकांना निकाल हवा असतो.

मग निकाल मिळतो का? ई. स्कॉट अ‍ॅडलर, मायकेल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी या तीन राज्यशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी १९९७ ते २०१० या काळातले तिथल्या वरच्या श्रेणीतले कॉलेज संघ घेतले. प्रशिक्षक बदललेला संघ आणि तितकाच वाईट खेळूनही प्रशिक्षक न बदललेला संघ, अशा जोड्या समोरासमोर ठेवल्या. अगदीच तळाला असलेल्या संघांना प्रशिक्षक बदलून फारसा फायदा झाला नव्हता. मधल्या फळीतल्या संघांनी प्रशिक्षक बदलला, तर ते पुढच्या वर्षांत त्यांच्यासारख्याच, पण प्रशिक्षक कायम ठेवणाऱ्या संघांहून मागे पडले होते. हॉलंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलच्या १९८६ ते २००४ या मोसमांवर बास टेर वेल यांनी केलेल्या अभ्यासातही हकालपट्टीने संघ सुधारल्याचं दिसलं नाही. फार वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेकदा आपोआप थोडं बरं जातं. नवा माणूस आणला असेल तर श्रेय त्याला मिळतं, इतकंच.

दूर कशाला, आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. खालिद जमील २००९ पासून सात वर्षं मुंबई एफसी या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक होते. पैसा कमी, मोठे खेळाडू नाहीत, तरी दर वर्षी त्यांनी क्लबला आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवून ठेवलं. लोक म्हणत, हा माणूस फक्त वाचवतो, जिंकून देत नाही. २०१६ मध्ये त्यांची जागा गेली. ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या मोसमात लीगमधून बाहेर पडला होता. इतर क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली होती. त्याच ऐझॉलने एप्रिल २०१७ मध्ये आय-लीग जिंकली. त्याच मोसमात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहिली आणि लीगमधून बाहेर गेली. जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सात वर्षं त्यांच्याकडे जे मागितलं जात होतं ते त्यांनी दिलं होतं. क्लबला हवं होतं वेगळंच, आणि ते मिळवायला लागणारी साधनं क्लबाने त्यांना कधी दिली नव्हती. हिशेब मागण्याआधी काय मागायचं आहे आणि त्यासाठी काय दिलं आहे, हे ठरवावं लागतं.

माझ्या मते सगळी गोष्ट इथे येऊन ठेपते. प्रशिक्षकाच्या हातात जे आहे त्याचा हिशेब त्याने दिलाच पाहिजे, आणि तो कसून मागितला पाहिजे. जे त्याच्या हातात नाही त्याचा हिशेब ज्याच्या हातात आहे त्याने द्यायचा. काळी माती सरांच्या हातात नाही. मैदानात मुरूम टाकून, रोलर फिरवून, पाण्याचा निचरा करून देणं संस्थेच्या हातात आहे. एस.टी.ची वेळ सरांच्या हातात नाही, पण सकाळच्या पहिल्या गाडीने येणाऱ्या मुलांसाठी साडेसात ते नऊ सराव ठेवणं आणि त्या वेळेचे तास प्राचार्यांकडून मोकळे करून घेणं त्यांच्या हातात आहे. सोयाबीनची सोंगणी कोणाच्याच हातात नाही. पण ती दर वर्षी त्याच सुमाराला येते हे बुलढाण्यात लहान पोरालाही माहीत आहे. ती धरून जूनपासून आखणी केली का, घरी गेलेल्या मुलाला चेंडू सोबत दिला का, शेतातून परतल्यावर रोज वीस मिनिटं काय करायचं ते सांगितलं का, हे विचारता येतं.

आणि एक वही हवी. सरावाची वही. तारीख, कोण आलं, काय घेतलं, किती वेळ घेतलं, कोणाला काय लागलं, एवढंच तिच्यात लिहायचं. एका कॉलेजात समजा फुटबॉलचा पहिला सराव ५ ऑगस्टला आणि स्पर्धा ८ ऑक्टोबरला झाली. मधल्या नऊ आठवड्यांच्या वहीत अकरा दिवसांच्या नोंदी निघाल्या आणि अकरा जण एकत्र आलेले असे फक्त तीनच दिवस भरले, तर ३-० ची हार समजायला कोणाचीही चौकशी लागणार नाही. उलट वहीत चाळीस दिवस असतील आणि तरी संघ हरला, तर त्या सरांना मी शाबासकी देईन आणि पुढच्या वर्षीही त्यांनाच ठेवीन. कारण चाळीस दिवस एकत्र खेळलेली पहिल्या वर्षाची पोरं दुसऱ्या वर्षी वेगळीच दिसतात.

हा धीर किती धरायचा, याचं माझं आवडतं उदाहरण बास्केटबॉलचं आहे. जॉन वुडन १९४८ मध्ये लॉस एंजलिसच्या यूसीएलए या विद्यापीठात आले. राष्ट्रीय विजेतेपद त्यांना मिळालं ते थेट १९६४ मध्ये, सोळाव्या मोसमात. ते धरून १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत त्यांनी दहा विजेतेपदं जिंकली. मोसमाच्या पहिल्या दिवशी वुडन खेळाडूंना काय शिकवायचे, तर पायमोजे कसे घालायचे. अंगठ्यापासून टाचेपर्यंत मोजा ओढून घ्यायचा, एकही चुणी राहू द्यायची नाही, मग बुटाची नाडी खालपासून वर घट्ट करत यायची. चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. मोठमोठे खेळाडू हे ऐकून थक्क व्हायचे. ज्या जिल्ह्यात बरीच पोरं थोरल्या भावाचे एक नंबर मोठे बूट घालून मैदानात येतात, तिथे हा धडा पहिल्या दिवशी द्यायला पैसा लागत नाही, फक्त शेजारी बसून बघायला माणूस लागतो. जबाबदारी म्हणजे मला आधी हे दिसतं. चषक फार नंतर.

चषकालाच सगळं मोजमाप मानलं की काय घडतं, हेही अमेरिकेनेच दाखवलं. मेरीलँड विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा खेळाडू २९ मे २०१८ रोजी उन्हात लागोपाठ धावण्याचा सराव करताना कोसळला. त्याला उष्माघात झाला होता. अंग तापलेलं असताना त्याला लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करायला हवं होतं, ते झालं नाही. दवाखान्यात न्यायलाही तासाहून अधिक वेळ गेला. दोन आठवड्यांनी तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी घेतली, आणि ३१ ऑक्टोबरला मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना काढण्यात आलं. बुलढाणा जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो आणि उन्हाळी शिबिरं त्याच दिवसांत लागतात. सराव सकाळी आठच्या आत संपला पाहिजे, पाण्याचा माठ मैदानावरच हवा, चक्कर आलेल्या मुलाला ‘नाटक करू नको’ म्हणणं कायमचं बंद झालं पाहिजे. कोणी कोसळलंच तर सावली, ओलं कापड, बर्फ आणि लगेच गाडी. ही तयारी नसलेल्या शिबिराला परवानगी देणारे प्राचार्य शिबिर घेणाऱ्याइतकेच जबाबदार आहेत.

पेन स्टेट विद्यापीठाची गोष्ट याहून काळी आहे. तिथे जो पॅटर्नो हे अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक होते. त्यांचा जुना सहायक जेरी सँडस्की अनेक वर्षं लहान मुलांवर अत्याचार करत होता. तक्रार वरपर्यंत पोचूनही ती दाबली गेली, कारण संघाचं नाव मोठं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये पॅटर्नो यांना काढण्यात आलं आणि २०१२ मध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला. आपल्याकडेही मुलींचे संघ बाहेरगावी जातात, मुक्काम करतात. सोबत महिला शिक्षक आहे का, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीतल्या सदस्यांचे फोन नंबर मुलींना माहीत आहेत का, हे प्रश्न जिंकणाऱ्या संघाच्या सरांनाही तितक्याच स्पष्टपणे विचारले पाहिजेत. किंबहुना त्यांना आधी, कारण जिंकणाऱ्याला प्रश्न विचारायला सगळेच कचरतात.

विदर्भात कॉलेजचा क्रीडा शिक्षक स्वतःहून किती मोठी जबाबदारी अंगावर घेऊ शकतो, याचा दाखला नागपुरात आहे. विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. एकदा पावसात झोपडपट्टीतली मुलं मोडक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला, आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी केली. पुढे ती ‘स्लम सॉकर’ म्हणून जगभर माहीत झाली, तिची मुलं होमलेस वर्ल्ड कपला गेली, आणि नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये त्यावर ‘झुंड’ हा चित्रपट काढला. या मुलांचा हिशेब बारसे यांना कोणत्याही समितीने विचारला नव्हता. ती त्यांच्या कॉलेजची मुलंही नव्हती. पण मोकळ्या वेळात मैदानावर राहिलं की मुलं दारू-जुगारापासून लांब राहतात, हे एक मोजमाप त्यांनी स्वतःच ठरवलं आणि त्यावर ते चालत राहिले. असा माणूस प्रत्येक तालुक्याला मिळेल अशी अपेक्षा धरून व्यवस्था आखता येत नाही, हे कबूल. तरी नोकरीत असलेल्या प्रत्येक सरांनी आपलं एक मोजमाप स्वतः ठरवून ते लिहून द्यावं, एवढी अपेक्षा नक्कीच धरता येते.

शिकण्याची सोयही आता पूर्वीसारखी दुर्मीळ राहिलेली नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे, तिचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उन्हाळ्यात करता येण्यासारखा आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांतला ‘डी’ परवाना थोड्या दिवसांत होतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून उभं आहे आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. सरांना फुटबॉल शिकवता येत नसेल, तर तो त्यांचा एकट्याचा दोष नाही. त्यांना शिकायला पाठवलं का, रजा दिली का, फी भरली का, हा प्रश्न संस्थेच्या अध्यक्षांना विचारायचा आहे. सगळं दिलं आणि तरी सर गेले नाहीत, तर मात्र दोष त्यांचाच.

विद्यार्थ्याच्या बाजूने बघितलं तर घाई आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पंचविशीपर्यंतच खेळता येतं, आणि खेड्यातून आलेल्या मुलाला प्रत्यक्षात पदवीची तीन-चार वर्षंच मिळतात. त्यांतलं एक वर्ष ‘पुढच्या वर्षी बघू’मध्ये गेलं तर त्याचा तिसरा-चौथा हिस्सा संपला. सरांची नोकरी तीस वर्षांची असते, त्या मुलाची नसते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असणं बंधनकारक केलं आहे. तिच्यात संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, शिक्षक, विद्यार्थी प्रतिनिधी आणि माजी विद्यार्थीही असतात, आणि वर्षात किमान चार बैठका व्हायला हव्यात. चिखली, मेहकर, खामगाव, जळगाव जामोद, देऊळगाव राजा, कुठल्याही कॉलेजचे तुम्ही माजी विद्यार्थी असाल, पालक असाल, तर येत्या बैठकीआधी प्राचार्यांना एक साधं पत्र द्या. फुटबॉलच्या सरावाची वही बैठकीत ठेवावी, असं त्यात लिहा. गेल्या वर्षी किती दिवस सराव झाला, पहिल्या वर्षातली किती मुलं अजून खेळतात, मैदानावर किती खर्च झाला, आणि सरांनी काय मागितलं होतं त्यांतलं काय दिलं गेलं, एवढे चार प्रश्न विचारा. गुणफलक त्यानंतर बघा.